कोवळ्या वयातलं अंडाशय आणि किरणोत्सर्ग: प्रयोगशाळेतल्या प्राण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक जीवशास्त्राचे विद्यार्थी विचारतात, काही रेडिओथेरपीशी संबंध आलेले वाचकही विचारतात. उत्तरांत 'उंदीर' म्हणजे लॅबमधला छोटा पांढरा किंवा काळा माउस. त्याच्या मोठ्या भावंडाला लॅबमध्ये सगळे रॅटच म्हणतात, म्हणून इथेही रॅट. स्त्रीबीज ज्या पेशींच्या आवरणात बसलेलं असतं त्याला फॉलिकल म्हटलं आहे. त्यातला सगळ्यात लहान, अजून वाढीला न लागलेला प्रकार म्हणजे आद्य फॉलिकल. पुढची जवळपास सगळी चर्चा या आद्य फॉलिकलभोवती फिरते.

किरणं पडल्यावर अंडाशयात सगळ्यात आधी काय बिघडतं?

साठा. मादीला तिची स्त्रीबीजं जन्माच्या सुमारासच मिळून चुकलेली असतात. आयुष्यभर त्यातूनच खर्च होतो, जमा काही होत नाही. ही बीजं पहिल्या अर्धसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या, म्हणजे मिओसिसच्या) अर्ध्या वाटेवर थांबलेली असतात आणि या थांबलेल्या अवस्थेत किरणांना विलक्षण नाजूक असतात. ती मेली की त्यांच्या जागी नवीन येत नाहीत. संप्रेरकं, माज, वेत यांत दिसणारे बदल हे या रिकाम्या झालेल्या साठ्याचे परिणाम असतात आणि ते दिसायला वेळ लागतो.

किती मात्रेला हे होतं?

शोषलेली मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. जुने शोधनिबंध रॅड किंवा रोंटजेनमध्ये असतात. १०० रॅड म्हणजे १ ग्रे, आणि एक रोंटजेन मऊ ऊतीत ढोबळपणे ०.०१ ग्रेच्या जवळ जातो.

कोवळ्या उंदराच्या आद्य फॉलिकलमधली निम्मी बीजं मारायला साधारण ०.१ ते ०.१५ ग्रे पुरतात. जन्मानंतर पाचव्या दिवशी ०.४५ ग्रे दिली, तर पुढच्या पाचेक दिवसांत आद्य फॉलिकल जवळजवळ पुसले जातात. हा आकडा किती लहान आहे हे तुलनेशिवाय लक्षात येत नाही. पूर्ण शरीरावर किरणं देऊन निम्मे उंदीर महिन्याभरात दगावायला, वंशानुसार थोडं मागेपुढे, ७ ते ९ ग्रे लागतात. म्हणजे उंदीर खातोय, पितोय, वजन वाढवतोय, त्याच्या रक्तातही फारसं काही दिसत नाही आणि अंडाशय मात्र रिकामं झालेलं आहे.

पण ज्या पेशी विभागत नाहीत त्या किरणांना दाद देत नाहीत ना?

पाठ्यपुस्तकातला नियम तसाच आहे. बेर्गोनिए आणि ट्रिबाँडो या दोघांनी १९०६ मध्ये मांडलं की जी पेशी जितकी जास्त विभागते आणि जितकी कमी विशेषित असते तितकी ती किरणांना संवेदनशील. आद्य फॉलिकलमधलं बीज महिनोन्‌महिने विभागत नाही आणि विशेषित तर पुरेपूर असतं. तरीही ते मरतं, आणि शरीरातल्या बहुतेक पेशींच्या आधी मरतं. लिम्फोसाइट ही रक्तातली पांढरी पेशी हा असाच दुसरा अपवाद. परीक्षेत नियम लिहा, पण अपवाद विसरू नका. या विषयात अपवादच मुख्य पात्र आहे.

गंमत म्हणजे निरीक्षण नियमापेक्षा जुनं आहे. रोंटजेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये. १९०३ मध्ये आल्बर्स-श्योनबर्गने नर ससे आणि गिनीपिग क्ष-किरणांनी वांझ होतात हे दाखवलं, आणि १९०५ मध्ये हाल्बरस्टेटरने सशाच्या माद्यांच्या अंडाशयातले फॉलिकल नष्ट होतात हे नोंदवलं.

मग ही बीजं मरतात कशी? किरणं त्यांना जाळतात का?

जाळत नाहीत. ती स्वतःच स्वतःला संपवतात, आणि त्याची तयारी आधीपासून करून ठेवलेली असते. हा या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आद्य फॉलिकलमधल्या बीजात टीएपी६३ नावाचं प्रथिन भरपूर असतं. ते पी५३ या प्रसिद्ध प्रथिनाच्या घराण्यातलं. एरवी ते दोन-दोन रेणूंच्या जोडीत, निष्क्रिय अवस्थेत पडून असतं. चाप लावून ठेवलेल्या सापळ्यासारखं: ताण आत साठलेला, फक्त स्पर्शाची वाट. किरणांमुळे डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की सीएचके२ हे एन्झाइम टीएपी६३ वर फॉस्फेट चढवतं. त्याच्या पाठोपाठ सीके१ हे दुसरं एन्झाइम आणखी फॉस्फेट जोडतं आणि सापळा सुटतो. चार-चार रेणू एकत्र येतात, प्रथिन सक्रिय होतं आणि पुमा व नोक्सा या मारेकरी प्रथिनांची जनुकं चालू करतं. पुढे पेशीमृत्यूची नेहमीची साखळी. एकदा चार रेणू जुळले की मागे फिरणं नाही.

हे चित्र तुकड्यातुकड्याने जुळलं. २००६ मध्ये दिसलं की पी६३ (टीएपी६३ हे त्याचंच एक रूप) नसलेली बीजं किरणांनंतरही टिकतात. २०११ मध्ये दोनाचे चार होण्याची यंत्रणा समजली, २०१२ मध्ये पुमा-नोक्साचा वाटा, आणि २०१४ मध्ये सीएचके२ काढून टाकलेल्या माद्या किरणांनंतरही पिल्लं देतात हे सिद्ध झालं.

वेळेचा हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डीएनए तुटल्याची खूण म्हणजे गॅमा-एच२एएक्सचे ठिपके काही मिनिटांत दिसू लागतात, टीएपी६३ तासा-दोन तासांत बदलतं आणि बहुतेक बीजांचा मृत्यू पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकतो. आठवड्याने अंडाशय कापून पेशीमृत्यूची खूण शोधणाऱ्याला ती सापडत नाही. बीजं मेली नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. तोवर ती साफ होऊन गेलेली असतात.

शरीर स्वतःच्याच बीजांशी इतकं निष्ठुर का?

बीजातली चूक पुढच्या पिढीच्या प्रत्येक पेशीत जाते. यकृताच्या एका पेशीतली चूक यकृतातच राहते. म्हणून इथे 'शंका आली की काढून टाका' असा हिशेब दिसतो. उंदरासारख्या प्राण्याला तो परवडतो: आयुष्य लहान, वेतं मोठी, साठा गरजेपेक्षा जास्त.

वयाचा फरक किती पडतो? 'कोवळा' म्हणजे नक्की कितव्या दिवसाचा?

खूप पडतो. 'कोवळी मादी' एवढंच लिहून सोडून देणारे शोधनिबंध वाचताना म्हणूनच चिडचिड होते.

जन्माआधी उंदराची बीजं अर्धसूत्री विभाजनाच्या सुरुवातीच्या टप्प्यांत असतात आणि त्या टप्प्यांत ती तुलनेने चिवट असतात. जन्माच्या सुमारास टीएपी६३ जमा होऊ लागतं. पाचव्या दिवसापर्यंत जवळपास सगळी बीजं थांबलेल्या अवस्थेत पोचतात आणि आद्य फॉलिकल तयार झालेले असतात. तिथून पुढचे दोन-तीन आठवडे सगळ्यात धोक्याचे. त्यामुळे जन्मदिवशी किरणं दिलेलं पिल्लू आणि दहाव्या दिवशी किरणं दिलेलं पिल्लू यांचे आकडे एकाच तक्त्यात एका रकान्यात घालू नयेत. एकाच वेतातली पिल्लंही थोड्या फरकाने पुढेमागे असतात, म्हणून जन्माची तारीख नीट नोंदवावी आणि जन्माचा दिवस शून्य धरला की एक, तेही लिहावं. एका दिवसाच्या या गोंधळाने दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटू शकतात.

किरणं दिलेली मादी वेळेवर वयात आली, माज नियमित, पहिलं वेतही चांगलं झालं. म्हणजे काही झालं नाही, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

किरणं पडली त्या दिवशी अंडाशयात दोन प्रकारचे फॉलिकल होते: साठ्यातले आणि वाढीला लागलेले. उंदरात फॉलिकलची पहिली लाट जन्मानंतर लगेच वाढू लागते. वाढणाऱ्या फॉलिकलमधलं मोठं झालेलं बीज कमी मात्रेला बऱ्यापैकी तग धरतं. तिथे धोका असलाच तर भोवतीच्या, भराभर विभागणाऱ्या ग्रॅन्युलोसा पेशींना. म्हणजे साठा संपला तरी वाटेत असलेला माल पोचत राहतो. त्यावर योनिद्वार वेळेवर उघडतं (उंदरात साधारण २५ ते ३५ दिवसांच्या दरम्यान), चार-पाच दिवसांचं माजचक्र सुरू होतं, नराबरोबर ठेवली तर मादी गाभण राहते, एखाद-दोन वेतं होतात. मग वेतातली पिल्लं कमी होतात, दोन वेतांमधलं अंतर वाढतं, आणि तरुण वयातच मादी वांझ होते. ०.५ ग्रेच्या आसपास मात्रा मिळालेल्या उंदरांत हा क्रम फार पूर्वीपासून नोंदलेला आहे.

म्हणून 'प्रजननावर परिणाम नाही' या वाक्यापुढे पहिला प्रश्न विचारायचा: किती वेतांपर्यंत पाहिलंत? एका वेतावर थांबलेला प्रयोग साठ्याबद्दल काहीही सांगत नाही. मादी नराबरोबर सलग महिनोन्‌महिने ठेवून एकूण पिल्लं मोजणं कंटाळवाणं आहे, जागा अडते, खर्च होतो. पण त्याला पर्याय नाही.

रक्ततपासणीने लवकर कळत नाही का? एएमएच तर साठ्याचा निर्देशांक आहे ना?

अर्धं बरोबर. एएमएच हे संप्रेरक आद्य फॉलिकल बनवतच नाहीत. नुकत्याच वाढीला लागलेल्या फॉलिकलच्या ग्रॅन्युलोसा पेशी ते बनवतात. साठा आणि वाढणारे फॉलिकल यांचं प्रमाण साधारण ठरलेलं असतं, म्हणून एरवी एएमएचवरून साठ्याचा अंदाज बांधता येतो. किरणांनंतर नेमकं हे प्रमाणच बिघडतं. पहिल्या दिवसांत साठा रिकामा आणि एएमएच ठीकठाक, असं होऊ शकतं. नंतर वाढणारे फॉलिकल संपत आले की एएमएच घसरतं, इस्ट्रॅडिऑल कमी होतं, आणि लगाम सुटल्यामुळे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं, फॉलिकल वाढवणारं एफएसएच हे संप्रेरक चढतं. एफएसएच चढेपर्यंत सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

मग खात्रीचा उपाय कोणता?

अंडाशय कापून फॉलिकल मोजणं. जुना, डोळे फोडणारा उपाय. बुआँच्या द्रावणात ऊती स्थिर करायची, मेणात बसवायची, पाच मायक्रॉनच्या आसपास जाडीचे सेक्शन काढायचे, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचे, आणि संपूर्ण अंडाशयातला ठरावीक दर पाचवा किंवा तसाच नेमाने निवडलेला सेक्शन मोजायचा. ज्या फॉलिकलमध्ये बीजाचं केंद्रक दिसतं तेवढेच धरायचे, नाहीतर मोठा फॉलिकल चार वेळा मोजला जातो. मोजणाऱ्याला कुठली स्लाईड कुठल्या गटातली हे माहीत नसावं. किरणं खाल्लेलं अंडाशय पहिल्या नजरेत ओळखू येतं हे खरं आहे: आकसलेलं, कडेचा आद्य फॉलिकलचा थर गायब, कुठे कुठे बीजाशिवाय रिकामी राहिलेली पेशींची कडी. तरीही लेबल झाकूनच मोजावं. डोळ्याला जे अपेक्षित असतं ते डोळा शोधून काढतो.

फक्त अंडाशयाचं वजन देऊन भागवू नये. वजन ठरतं मोठ्या फॉलिकलवर आणि पीतपिंडांवर (बीज सुटल्यावर फॉलिकलचे बनणारे गोळे). आद्य फॉलिकल हजारोंनी गेले तरी तराजूला पत्ता लागत नाही.

नियंत्रण गट म्हणून पिंजऱ्यातच ठेवलेली पिल्लं चालतील?

चालणार नाहीत. किरणं देताना पिल्लं आईपासून दूर जातात, थंडी लागते, डबीत कोंडली जातात, परत आल्यावर आई त्यांना कधीकधी स्वीकारत नाही. नियंत्रण गटातल्या पिल्लांनाही तेवढाच वेळ त्याच डबीत यंत्रात ठेवायचं, फक्त किरणं सोडायची नाहीत. शिवाय प्रत्येक वेतातली पिल्लं दोन्ही गटांत वाटावीत. एक अख्खं वेत एका गटात गेलं की फरक किरणांचा की आईचा, हे सांगता येत नाही.

क्ष-किरण वापरले की सीझियमचे गॅमा किरण, याने फरक पडतो का?

आकडा ग्रेमध्ये नीट मोजलेला असेल तर या दोघांत थोडाच. सीझियम-१३७ ची गॅमा ऊर्जा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्राची त्याहून बरीच कमी. लहान प्राण्यात ती वेगळ्या प्रकारे मुरते. स्रोत, मात्रेचा वेग, संपूर्ण शरीर की फक्त पोट, एकदाच की हप्त्यांत, एवढं तरी लिहिलेलं असावं. हप्त्यांमध्ये दिलेल्या मात्रेत पेशीला दुरुस्तीला उसंत मिळते.

न्यूट्रॉन आणि जड आयन यांची गोष्ट मात्र निराळी. ते एका वाटेवर दाट ऊर्जा सांडत जातात आणि डीएनएची तूट दुरुस्तीला अवघड होते. अंतराळातल्या वैश्विक किरणांत लोहाचे वेगवान आयन असतात. २०१६ मध्ये मादी उंदरांवर ते वापरून पाहिले, तेव्हा ०.५ ग्रे आणि त्याहून कमी मात्रांतही फॉलिकलचा साठा लक्षणीय घटला. दूरच्या अंतराळमोहिमांच्या आखणीत हा मुद्दा त्यामुळेच येतो.

डोक्यावर किरणं दिली तर अंडाशय सुरक्षित राहील?

साठा राहील, वेळापत्रक राहीलच असं नाही. रॅटच्या लहान माद्यांना फक्त डोक्यावर कमी मात्रेची किरणं दिल्यावर त्या लवकर वयात आल्याचं दिसलं आहे. मेंदूत वयात येण्याची घंटा दाबून धरणारा जो ब्रेक असतो, ज्यात गाबा या रसायनाचा भाग आहे, तो सैल पडतो असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. जास्त मात्रेला उलट होतं: पिट्युटरीच दुबळी पडली तर अंडाशयाला हुकूम देणारं कुणी उरत नाही. त्यामुळे 'वयात लवकर आली' आणि 'साठा घटला' हे दोन निष्कर्ष एकमेकांना जोडण्याआधी किरणं कुठे पडली ते पाहावं.

रॅट, ससा, गिनीपिग, माकड, सगळ्यांचं सारखंच?

अजिबात नाही. उंदीर या बाबतीत टोकाचा नाजूक आहे. रॅटवरच्या प्रयोगांत अंडाशय निकामी करण्यासाठी ३.२ ग्रे ही एकवेळची मात्रा पुष्कळदा वापरली जाते. गिनीपिग आणि ऱ्हीसस माकड यांची आद्य फॉलिकलमधली बीजं उंदराच्या मानाने खूपच चिवट. स्क्विरल माकडात मात्र गर्भावस्थेच्या शेवटच्या टप्प्यातली बीजं अतिशय नाजूक असल्याचं दिसलं. म्हणजे 'माकड आपल्या जवळचं, म्हणून सगळी माकडं सारखी' हेही खरं नाही.

जी बीजं वाचली त्यांच्यापासून झालेली पिल्लं सदोष असतात का?

अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम रसेल आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रचंड मोठ्या प्रयोगांतून एक चकित करणारी गोष्ट समोर आली. किरणांनंतर पहिल्या सात आठवड्यांत राहिलेल्या गर्भांत उत्परिवर्तनं सापडली. त्यानंतर राहिलेल्या गर्भांत नाहीत. पहिल्या गटातली बीजं किरणांच्या वेळी परिपक्व होत आलेली होती, दुसऱ्या गटातली साठ्यातली.

याचा अर्थ साठ्यातली बीजं एकतर मरतात किंवा स्वच्छ दुरुस्त होतात. दुरुस्तीची बाजू २०२० मध्ये आणखी भक्कम झाली: मृत्यूची साखळी जनुकं काढून तोडलेल्या उंदरांत बीजांनी डीएनएच्या तुटी सांधल्या आणि पिल्लं निरोगी निघाली. तरीही माझ्या मते इथे हात आखडता ठेवावा. उंदराचं बीज इतकं पटकन मरतं की चिवट बीज असलेल्या प्रजातीत काय होत असेल, हे त्याच्यावरून ठरवणं धाडसाचं आहे.

किरणांनी अंडाशयात गाठी होतात का?

उंदरात होतात. १९३६ मध्येच फर्थ आणि बटरवर्थ यांनी त्या नोंदवल्या. यातली मेख अशी की बीजं संपल्यावर पिट्युटरीची संप्रेरकं सतत चढी राहतात आणि उरलेल्या पेशींना ढोसत राहतात. त्यातून वर्षभराने किंवा नंतर गाठी उभ्या राहतात. त्यामुळे किरणांनी थेट झालेला कर्करोग म्हणून हे आकडे दुसऱ्या प्रजातीला लावता येत नाहीत.

ही हानी टाळता येते का?

काही मार्ग प्राण्यांत यशस्वी झाले आहेत. २००० मध्ये उंदराच्या अंडाशयाभोवतीच्या पिशवीत स्फिंगोसीन-१-फॉस्फेट हे पेशीमृत्यू रोखणारं द्रव्य टोचून मग किरणं दिली, तेव्हा बीजं वाचली. पुढे माकडांतही त्यावर काम झालं. सीएचके२ ला औषधाने काही काळ अडवणं हा दुसरा तर्कशुद्ध मार्ग. मेलाटोनिनसारखी ऑक्सिडीकरणरोधी द्रव्यं रॅटमध्ये थोडाफार फायदा दाखवतात, पण त्या निबंधांत बहुधा काही दिवस-आठवड्यांनंतरची स्थिती असते. वरचा वेतांचा मुद्दा इथेही लागू.

'अंडाशयाला झोपवून ठेवा म्हणजे ते वाचेल' ही कल्पना मात्र उंदरात टिकली नाही. जन्मतःच गोनॅडोट्रॉपिन (अंडाशयाला चालना देणारी पिट्युटरीची संप्रेरकं) नसलेल्या उंदरांची आद्य फॉलिकलही किरणांना तितकीच नाजूक निघाली. ते स्वाभाविकच आहे, कारण आद्य फॉलिकल मुळातच झोपलेले असतात. त्यांना आणखी काय झोपवणार?

मूळपेशींपासून नवी बीजं तयार होतात असं वाचलं होतं.

२००४ मध्ये तसा दावा झाला आणि वाद अजून मिटलेला नाही. किरणांनी वांझ झालेल्या माद्या आपणहून पुन्हा विऊ लागत नाहीत, एवढं पुरे.

नर पिल्लांचं काय?

वृषणात शुक्राणू बनवणाऱ्या मूळपेशी असतात. त्यातल्या काही वाचल्या तर उत्पादन पुन्हा सुरू होतं. म्हणून मध्यम मात्रेत नराचं वांझपण बहुधा तात्पुरतं, मादीचं कायमचं.

उंदराचे आकडे पाहून माझ्या मुलीच्या उपचारांची काळजी वाटते.

उंदराचा ०.१ ग्रे मुलीला लावू नका. माणसात निम्मी बीजं नष्ट करणारी मात्रा आधी ४ ग्रेच्या आसपास मानली जायची. २००३ मधल्या अभ्यासाने ती २ ग्रेहून कमी असल्याचं दाखवलं. तरी ती उंदराच्या कैक पट आहे. शिवाय साठा मोठा: जन्मतः १० ते २० लाख बीजं. २००५ मधल्या गणितानुसार अंडाशय लगेच निकामी करणारी मात्रा जन्मतः २०.३ ग्रे, दहाव्या वर्षी १८.४, विसाव्या वर्षी १६.५ आणि तिसाव्या वर्षी १४.३ ग्रे येते. वय कमी तितकी मोकळीक जास्त, कारण शिल्लक जास्त. पण यापेक्षा कमी मात्रेतही साठा घटतो आणि रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. पाळी नियमित आहे म्हणजे सगळं ठीक, हा समज इथेही फसवतो. पोटावर, ओटीपोटावर किंवा पूर्ण शरीरावर रेडिओथेरपी ठरली असेल तर ती सुरू होण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: अंडाशयाला अंदाजे किती ग्रे पोचेल, आणि अंडाशय बाजूला सरकवणं किंवा त्याचा तुकडा गोठवून ठेवणं शक्य आहे का.

आणि साधा पोटाचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन?

पोटाच्या एका सीटीत अंडाशयाला साधारण ०.०१ ग्रेच्या घरातली मात्रा मिळते, साध्या एक्स-रेत त्याहून बरीच कमी. वरच्या २ ग्रेशी ताडून पाहा. गरजेची तपासणी या भीतीने टाळू नये.